वाटाण्याचा कोंब

मुलांनो, परीक्षेच्या अर्जासाठी तुम्ही बीड, परळी किंवा अंबाजोगाईच्या एखाद्या स्टुडिओत फोटो काढून घेतला असेल. "हलू नका," असे छायाचित्रकाराने तुम्हांला सांगितले असेल. पण एका छायाचित्रकाराला हलणारीच चित्रे हवी होती. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके.

फाळके यांचा जन्म १८७० साली त्र्यंबकेश्वर येथे झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात ते शिकले. नंतर गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रणाचा धंदा सुरू केला. परंतु १९०० साली प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दगावले. फाळके यांनी गोध्रा सोडले. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली, दुसरा विवाह केला आणि मग ते छपाईच्या व्यवसायात शिरले. कॅमेरा मागे पडला. काही वर्षांनी भागीदारांशी मतभेद होऊन छापखानाही सुटला. तेव्हा त्यांचे वय चाळिशीचे होते.

त्याच सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्तांच्या जीवनावरील चित्रपट पाहिला. असा चित्रपट आपल्या देशातही व्हावा, असे त्यांना वाटू लागले. ते एकसारखे चित्रपट पाहू लागले, रात्र रात्र जागू लागले. डोळ्यांवर ताण पडून त्यांना दिसेनासे झाले. छायाचित्रकाराची दृष्टी गेली तर त्याच्याजवळ काय उरते? सुदैवाने उपचारांनी दृष्टी परत आली. मग विमा गहाण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले. तेथे त्यांनी ही कला पाहिली आणि कॅमेरा मागवला.

आता चित्रपटासाठी पैसा कोण देणार? फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा ठेवला. ठरावीक वेळाने ते एकेक चित्र घेत राहिले. महिनाभर हे काम चालले. ती चित्रे पडद्यावर भराभर दाखवताच दाण्यातून कोंब फुटून वेल वाढताना दिसला! 'अंकुराची वाढ' हा जेमतेम मिनिटभराचा चित्रपट पाहून पैसे देणाऱ्यांचा विश्वास बसला.

पत्नी सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम त्या रात्री अंधारात करीत. अखेर ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत सर्वांसाठी प्रदर्शित झाला.

मुलांनो, आपल्या जिल्ह्यात ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांबरोबर काही मुलांना जावे लागते. त्यांचा अभ्यास मध्येच सुटतो. हंगाम संपल्यावर असा सोबती वर्गात परत आला, तर त्याला हसू नका. आपली वही त्याच्यापुढे ठेवा. सुटलेले काम पुन्हा हाती घेता येते. फक्त शेजारी कोणीतरी सरस्वतीबाईंसारखे असावे लागते.

शब्दार्थ
दगावणे – मरण पावणे
गहाण ठेवणे – कर्जासाठी वस्तू तारण देणे
किचकट – त्रासाचे, वेळखाऊ
सोबती – मित्र, साथी

स्वाध्याय
१. फाळके यांनी गोध्रा का सोडले?
२. वाटाण्याची वाढ त्यांनी पडद्यावर कशी दाखवली?
३. तुम्ही सोडून दिलेले आणि पुन्हा सुरू केलेले एखादे काम पाच वाक्यांत लिहा.