बादफेरीचे गणित आणि आपला बास्केटबॉल संघ

गेल्या सत्रात आपल्या महाविद्यालयाचा बास्केटबॉल संघ विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेस गेला, तेव्हा मीही त्याच्याबरोबर गेलो होतो. खेळाडू म्हणून नव्हे. माझी उंची आणि माझा दम या दोहोंनाही या खेळाने केव्हाच नकार दिलेला आहे. परंतु अक्षर बरे आहे या एकाच गुणावर क्रीडा संचालक सरांनी गुणलेखनाची वही माझ्या स्वाधीन केली, आणि त्या वहीमुळेच प्रस्तुत लेख लिहिण्याचा प्रसंग आला. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी आहे, गणिताचा नव्हे. तरी या लेखात थोडे गणित येणार आहे. ते शाळेत शिकलेल्या गुणाकार-भागाकारापलीकडचे नाही, हे कला शाखेच्या मित्रांना आधीच सांगून ठेवतो.

पहाटे पाचला आम्ही सावदा स्टँडवर जमलो. रात्री भरलेले केळीचे ट्रक बऱ्हाणपूरच्या दिशेने चालले होते आणि आम्ही उलट दिशेच्या एस. टी.त, फैजपूर, भुसावळ करीत जळगावला. यादीत बारा नावे, प्रत्यक्षात आलेले नऊ. दोघांच्या घरी केळीची कापणी होती, एकाची परीक्षा होती. जाण्यायेण्यात चार तास मोडणार, आणि सामना म्हणाल तर दहा-दहा मिनिटांच्या चार सत्रांचा, म्हणजे चाळीस मिनिटांचा. पहिल्याच सामन्यात हरलो तर वर्षभराच्या सकाळच्या सरावाचा हिशेब त्या चाळीस मिनिटांत मिटणार, हे बसमध्ये कोणी बोलून दाखवीत नव्हते इतकेच.

या खेळाचा जन्म मात्र अशा धावपळीसाठी झालेला नाही. डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नाइस्मिथ या शिक्षकाने हिवाळ्यात मुलांना घरात कोंडून बसावे लागते म्हणून पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. पहिल्या सामन्यात एका बाजूस नऊ-नऊ खेळाडू होते आणि सगळ्या सामन्यात मिळून टोपलीत चेंडू पडला तो एकदाच. टोपली जमिनीपासून दहा फुटांवर होती; आजही रिंग तेवढ्याच उंचीवर, ३.०५ मीटरवर आहे. वाय. एम. सी. ए. च्या द्वारे हा खेळ हिंदुस्थानात आला. नागपाड्याच्या दाट वस्तीतल्या मैदानाने आपल्या महाराष्ट्राला अब्बास मुंतसिर यांच्यासारखा भारताचा कर्णधार दिला. बर्फामुळे छपराखाली जन्मलेला हा खेळ आपण खानदेशात ऑक्टोबरच्या उन्हात, सिमेंटच्या तापलेल्या मैदानावर खेळतो. नाइस्मिथसाहेबांनी ते पाहिले असते तर चौदावा नियम पाण्याच्या माठाविषयी लिहिला असता असे वाटते. असो.

आता मुख्य विषयाकडे वळतो. स्पर्धेस अकरा संघ आले होते. स्पर्धा बाद पद्धतीची, म्हणजे हरला तो घरी गेला. बाद पद्धतीत सामने किती होतात हे काढण्यास कागदही लागत नाही. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद होतो आणि शेवटी एकच उरावयाचा असतो. म्हणून अकरा संघांत दहा संघ बाद व्हावयास हवेत आणि सामनेही दहाच. संघ शंभर असले तर नव्याण्णव. हा विचार सरांनी मैदानाच्या कडेला बसून सांगितला, तेव्हा अर्थशास्त्राच्या तासाला कधी आला नव्हता एवढा आनंद मला झाला.

अडचण दुसरीकडे आहे. प्रत्येक फेरीत संघ निम्मे होत जाऊन शेवटी एकच उरावा यासाठी संख्या २, ४, ८, १६ अशी असावी लागते. अकराच्या पुढची तशी संख्या सोळा. सोळातून अकरा गेले, उरले पाच. तेव्हा पाच संघांना पहिल्या फेरीत न खेळताच पुढे चाल द्यावी लागते. उरलेल्या सहा संघांत तीन सामने होतात. तीन विजयी आणि पाच पुढे चाल मिळालेले मिळून आठ होतात आणि गाडी रुळावर येते.

ही पुढे चाल कोणास द्यावयाची? शारीरिक शिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांतून दिलेली रीत अशी की भाग्यपत्रिकेचे वरचा व खालचा असे दोन भाग पाडावेत. अकरांत वर सहा, खाली पाच. पहिली पुढे चाल खालच्या भागातील शेवटच्या संघास, दुसरी वरच्या भागातील पहिल्यास, तिसरी खालच्यातील पहिल्यास, चौथी वरच्यातील शेवटच्यास, आणि मग पुन्हा खालून वर. या हिशेबाने ११, १, ७, ६ आणि १० हे क्रमांक पहिल्या फेरीत बसून राहतात. कोणता क्रमांक कोणाचा, हे चिठ्ठी ठरवते. गेल्या वर्षीच्या बलिष्ठ संघांना मानांकन देऊन वेगवेगळ्या टोकांस ठेवण्याचीही पद्धत आहे. ते पहिल्याच फेरीत एकमेकांवर आदळू नयेत हा तिचा हेतू, आणि तो योग्यच आहे. पण टोकाच्या जागा अशा भरल्या की आमच्यासारख्यांच्या वाट्याला मधल्या जागा येतात, आणि पुढे चाल तर टोकांनाच असते.

आमची चिठ्ठी चार क्रमांकाची निघाली. म्हणजे सकाळी पाच क्रमांकाशी सामना, आणि जिंकलो तर दुपारी सहा क्रमांकाशी, जो तोपर्यंत सावलीत बसून आमचा खेळ पाहत असणार.

पहिला सामना आम्ही ४२–३६ असा जिंकला. त्याविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. दोन्ही संघ घाबरलेले होते, आम्ही थोडे कमी. दुसऱ्या सामन्याची पाने मात्र मी अजून अधूनमधून उघडतो. आमच्या संघात उंच खेळाडू एकच, तृतीय वर्षाचा. रिंगखालचा सगळा भार त्याच्यावर. सकाळचे चाळीस मिनिटांचे खेळणे पायांत घेऊन तो उतरला होता, आणि थकलेला खेळाडू पायाने जे करावयाचे ते हाताने करू लागतो. म्हणजे फाउल होतात. तिसरे सत्र संपता संपता वहीत त्याच्या नावापुढे पाचवी खूण मी माझ्याच हाताने केली आणि नियमाप्रमाणे तो बाहेर बसला. तरीही शेवटची बारा सेकंद उरली तेव्हा फलक ५१–५३ असा होता आणि चेंडू आमच्याकडे होता. आमच्या कर्णधाराने उजवीकडून शिरून लेअप टाकला. चेंडू रिंगवर दोनदा फिरला आणि बाहेर पडला.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी कळले की त्या सहा क्रमांकाच्या संघानेच स्पर्धा जिंकली, उपांत्य सामना सहज आणि अंतिम सामना बावीस गुणांनी. मग दुसरा क्रमांक खरा कोणाचा? ज्यांना बावीस गुणांनी हार पत्करावी लागली त्यांचा, की ज्यांना दोन गुणांनी? आमचाच होता असे मी म्हणत नाही. खालच्या भागातल्या संघांशी आम्ही खेळलोच नाही, तेव्हा तसे म्हणण्यास आधार नाही. पण त्यांचाच होता असे म्हणण्यासही भाग्यपत्रिकेत आधार नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

हा प्रश्न जुना आहे. ‘ॲलिस’च्या गोष्टी लिहिणारे लुइस कॅरल हे खऱ्या नावाने चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डला गणिताचे अध्यापक. त्यांनी १८८३ मध्ये लॉन टेनिसच्या स्पर्धांत बक्षिसे चुकीच्या माणसास जातात अशी तक्रार करणारी एक पुस्तिका काढली. तिचा गाभा असा सांगता येईल. आठ संघ आहेत आणि सरस संघच नेहमी जिंकतो असे धरा. सर्वोत्तम संघ भाग्यपत्रिकेत कोठेही बसला तरी उरलेल्या सात जागांपैकी तीन त्याच्याच अर्ध्या भागात आणि चार दुसऱ्या अर्ध्यात असतात. दुसऱ्या क्रमांकाचा संघ चिठ्ठीने त्या तीनांपैकी एका जागी पडला तर अंतिम सामन्याआधीच बाद होतो. म्हणजे खरा दुसरा संघ अंतिम सामन्यात पोचण्याची शक्यता सातांत चार. संघ सोळा असल्यास पंधरांत आठ, बत्तीस असल्यास एकतीसांत सोळा; निम्म्याहून किंचित अधिक. नाणे उडवून उपविजेता ठरविण्यासारखेच हे झाले! बाद पद्धत पहिला क्रमांक बऱ्यापैकी शोधते. त्याखालचे काहीही ती शोधत नाही.

बास्केटबॉलच्याच इतिहासात याचे मोठे उदाहरण आहे. अमेरिकेत महाविद्यालयांचे विभागवार गट असतात. अटलांटिक किनाऱ्यावरच्या एका गटात १९७४ साली सात विद्यापीठे होती. आधी साखळी सामने, मग बाद स्पर्धा, आणि त्या बाद स्पर्धेचा विजेता तेवढा राष्ट्रीय स्पर्धेत जाणार, असा दंडक होता. ९ मार्च १९७४ रोजी ग्रीन्सबरो येथे नॉर्थ कॅरोलायना स्टेट आणि मेरिलँड यांचा अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि स्टेटने तो १०३–१०० असा जिंकला. लांबून टाकलेल्या चेंडूस तीन गुण देण्याचा नियम तेव्हा तेथे नव्हता, हे लक्षात घेतले म्हणजे हे आकडे केवढे आहेत ते कळते. स्टेटचा संघ पुढे राष्ट्रीय विजेता झाला. मेरिलँड देशातल्या पहिल्या चार-पाच संघांत गणला जात असूनही राष्ट्रीय स्पर्धेत जाऊ शकला नाही. १९७५ पासून त्या स्पर्धेत ३२ संघ घेऊ लागले आणि एका गटातून एकाहून अधिक संघांना वाट मिळाली. हा बदल समजावून सांगताना त्या सामन्याचा दाखला अजून दिला जातो.

या हकिकतीतली एक बारीक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सात संघ म्हणजे आठास एक कमी, म्हणून तेथेही एक पुढे चाल होतीच, आणि ती स्टेटला मिळाली होती. मेरिलँडचा अंतिम सामना हा त्यांचा तिसरा सामना होता, स्टेटचा दुसरा. पण स्टेटने ती चाल चिठ्ठीतून काढली नव्हती. गटातले साखळीचे बाराच्या बारा सामने जिंकून कमावली होती. आमच्या सहा क्रमांकाच्या संघाविषयी माझ्या मनात राग नाही. तो आमच्याहून सरसच असेल. पण त्याची सावली कमावलेली होती की निघालेली, हे मला कळावयास मार्ग नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सगळ्यांनी सगळ्यांशी खेळावे. पण अकरा संघांची पूर्ण साखळी म्हणजे अकरा गुणिले दहा भागिले दोन, पंचावन्न सामने. एका मैदानावर दिवसास आठ सामने धरले तरी सात दिवस लागतात. एवढे दिवस संघांची राहण्याजेवणाची सोय कोणते महाविद्यालय करील? बाद पद्धत टिकून आहे ती न्यायासाठी नव्हे, स्वस्ताईसाठी. आणि अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून स्वस्ताईला नावे ठेवणे मला शोभणारे नाही.

मधला मार्ग मात्र आहे. अकरा संघांचे तीन, तीन, तीन आणि दोन असे चार गट करा. गटांतले सामने तीन, तीन, तीन आणि एक, एकूण दहा. चार गटविजेत्यांचे दोन उपांत्य आणि एक अंतिम मिळून तेरा. बाद पद्धतीपेक्षा तीनच सामने जास्त, म्हणजे एका मैदानावर चारेक तासांचा प्रश्न. आणि नऊ संघांना निदान दोन सामन्यांची हमी. विद्यापीठाचा संघ याच स्पर्धांतून निवडला जातो आणि तो पुढे पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेस जातो. रावेर-यावलकडचा एखादा चांगला खेळाडू सकाळच्या सामन्यातच बाद होऊन दुपारच्या गाडीत बसला, तर निवडणाऱ्यांनी त्याला पाहावे तरी केव्हा? आमचा तो उंच खेळाडू तृतीय वर्षाचा होता हे वर आलेच आहे. त्याला पाहावयास पुढचे वर्ष नव्हते.

गटपद्धतही निर्दोष आहे असे समजू नये. १९८२ च्या जागतिक फुटबॉल स्पर्धेत पश्चिम जर्मनी आणि ऑस्ट्रिया यांच्या शेवटच्या गटसामन्यात पहिला गोल झाल्यावर दोघांचेही भागत होते, म्हणून उरलेला वेळ त्यांनी चेंडू इकडून तिकडे ढकलण्यात काढला. आणि तिघांच्या गटात आणखी एक घोळ असतो. त्याचा अनुभव आपण घरीच घेतला.

यंदाच्या स्नेहसंमेलनात वर्गावर्गांच्या सामन्यांसाठी ही पद्धत वापरून पाहण्यास सरांनी परवानगी दिली. सहा वर्ग, तीन-तीनचे दोन गट, प्रत्येक गटातून दोन संघ पुढे. आमच्या गटात तृतीय वर्ष कलाने आम्हांस २१–१६ असे हरविले, आम्ही प्रथम वर्ष वाणिज्यला १८–१५ असे हरविले, आणि त्या वाणिज्यवाल्यांनी तृतीय वर्षाला २०–१८ असे! तिघांचा एक-एक विजय. मग गुणांतील फरक काढावा लागला: तृतीय वर्ष अधिक तीन, वाणिज्य उणे एक, आम्ही उणे दोन. ज्यांना आम्ही हरविले ते पुढे गेले आणि आम्ही बाहेर. वर्गमित्र वही हिसकावून घेऊन बेरीज पुन्हा करू लागले. बेरीज बरोबर होती. पहिल्या सामन्याच्या पानावर आमचे चुकलेले फ्री थ्रो मी गोल करून ठेवले होते. ते सात निघाले.