प्रश्न कसा धाडावा

चि. ऋचा हिस,

दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीवर प्रबंध लिहायला घेतलास, हे वाचून बरं वाटलं. पण या वनस्पतीचं ज्यांना खरोखर कळतं त्या अनोळखी माणसांना पत्र लिहायला तू कचरतेस. आपलं अर्धंकच्चं काम उघड्यावर येईल, ही एक भीती आणि ते कोणी उचलेल, ही दुसरी. शिवाय तू सहज लिहून गेलीस, की विज्ञान छापील निबंधांत असतं, पत्रव्यवहार म्हणजे त्याच्या कडेची सौजन्याची बाब. माझा वाद या वाक्याशी आहे. तुझ्या टेबलावर असलेलं १८७५ सालचं डार्विनचं कीटकभक्षी वनस्पतींवरचं पुस्तक पुन्हा उघडून बघ. ज्यांना आपण सीतेची आसवं म्हणतो, त्यांच्या कुळाबद्दल तिथे अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या मेरी ट्रीट यांची निरीक्षणं त्यांच्या नावानिशी आहेत. त्यांचा डार्विनशी पत्रव्यवहार होता. अशा पुस्तकातून पत्रं वजा केली तर काय उरेल याचा विचार कर.

डार्विनची आलेली-गेलेली मिळून सुमारे पंधरा हजार पत्रं आज माहीत आहेत. पत्रलेखक दोन हजारांच्या आसपास, आणि ती सगळी छापायला केंब्रिजला तीस खंड लागले. हा गठ्ठाही अपुराच म्हणायचा. पत्रं खोचून ठेवायच्या तारा भरल्या की हा गृहस्थ जुनी पत्रं जाळून जागा करी, त्यामुळे १८६२ च्या आधी त्याला आलेली बहुतेक पत्रं गेली. १८४२ पासून तो केंटमधल्या डाउन या खेड्यात राहिला आणि प्रकृतीमुळे फारसा कुठे गेला नाही. बाहेरचं जग त्याच्याकडे टपालाच्या पिशवीतून येई. इथे एक साधी व्यवहाराची गोष्ट सांगतो, कारण विज्ञानाच्या इतिहासात तिला फार कमी जागा मिळते. १८४० पूर्वी ब्रिटनमध्ये टपालखर्च बहुधा पत्र घेणारा देई, तोही अंतर आणि कागदांची संख्या मोजून. म्हणजे अनोळखी माणसाला शंका विचारायची, तर त्याच्याच खिशात हात घालावा लागे. पेनी पोस्ट आलं आणि पाठवणाऱ्याने एका पेनीत अर्ध्या औंसाचं पत्र देशभर कुठेही धाडावं, अशी सोय झाली. संकोचाचं एक मोठं कारण त्यामुळे गेलं.

पण स्वस्त टपाल मिळालं म्हणून उत्तरं मिळतात असं नाही. १८३९ साली डार्विनने जनावरांच्या पैदाशीबद्दल प्रश्नांचं एक छापील पत्रक काढून वाटलं होतं. त्याला उत्तरं जेमतेम आली. पुढे १८५५ च्या सुमारास कबुतरांचा नाद लागल्यावर त्याने वेगळी रीत धरली. एका माणसाला, त्यालाच ठाऊक असेल अशी एकच गोष्ट विचारायची. मद्रासच्या वॉल्टर एलियट यांच्याकडे त्याने कबुतरांची कातडी मागितली. हेच एलियट पूर्वी दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी करून बसले होते, म्हणजे माणूस अचूक निवडला होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीचं संग्रहालय तुटपुंज्या पगारावर सांभाळणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी पाळीव प्राण्यांविषयी पानंच्या पानं लिहून पाठवली. ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या पुस्तकात ब्लाइथ यांच्या मताला आपण जवळजवळ सर्वांहून अधिक किंमत देतो, असं डार्विन स्पष्ट लिहितो. सगळ्यांना सरसकट विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देणं कोणाचंच काम नसतं. नाव घेऊन विचारलं, की ज्याला विचारलं त्याला आपल्या ज्ञानाचा मान राखल्यासारखं वाटतं आणि तो हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसतो.

याला एक अपवाद तू दाखवशील, म्हणून मीच दाखवतो. १८६७ साली माणसाच्या चेहऱ्यावरच्या भावांबद्दल त्याने सोळा प्रश्नांची यादी जगभर फिरवली आणि छत्तीस जणांची उत्तरं आली. मला ती यादी दोन कारणांसाठी महत्त्वाची वाटते, आणि ती परस्परविरुद्ध आहेत. पहिलं असं, की त्याने उत्तर देणाऱ्याला बजावलं होतं : मोघम मतं नकोत, आठवणीवर विसंबू नका, प्रत्यक्ष पाहिलेला एक चेहरा आणि तो प्रसंग नीट वर्णन करा. प्रश्नाबरोबरच उत्तराचा दर्जा ठरवून देणं ही मोठी हुशारी आहे. दुसरं असं, की प्रश्न मात्र सदोष होते. आश्चर्य वाटलं की डोळे-तोंड विस्फारतात का, भुवया वर जातात का, अशा घाटाचे. अशा प्रश्नात उत्तर आधीच बसलेलं असतं, समोरच्याने फक्त मान डोलवायची. शिवाय चेहरे पाहणंही सोपं नव्हतं, याचा पुरावा आपल्याकडचाच आहे. हिंदुस्थानात राहिलेल्या अर्स्किन यांनी कळवलं, की युरोपियनांसमोर इथले लोक भावना लपवतात, त्यामुळे खात्रीचा निष्कर्ष काढणं कठीण आहे. त्यांनीच कानडा जिल्ह्याचे न्यायाधीश वेस्ट यांच्याकडूनही माहिती मिळवली आणि काही एतद्देशीय गृहस्थांना विचारलं. डार्विनने भावांवरच्या आपल्या पुस्तकात ही अडचण झाकून ठेवली नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. ज्यांचे चेहरे न्याहाळले गेले, त्यांचं स्वतःचं म्हणणं मात्र त्या उत्तरांत फार थोडं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रिश्चन गायका यांनी आपल्या लोकांबद्दल स्वतः इंग्रजीत लिहून दिलेलं मत हा ठळक अपवाद.

आता अर्धंकच्चं काम दाखवण्याची तुझी लाज. जानेवारी १८४४ मध्ये डार्विनने जोसेफ हुकरला लिहिलं, की प्रजाती अचल नाहीत असं मला वाटू लागलंय आणि हे सांगणं खुनाची कबुली देण्यासारखं वाटतं. त्या वेळी दोघांची पत्रओळख काही महिन्यांची होती. सिद्धांत छापायला अजून पंधरा वर्षं होती, पण त्याच्यावर घाव घालणारा वनस्पतिशास्त्रज्ञ त्याने त्या दिवशी मिळवला. उलट बाजूचं उदाहरण मला याहून आवडतं. १८६२ साली डार्विनचं ऑर्किडवरचं पुस्तक आलं. त्यात अ‍ॅक्रोपेराचं आपण पाहिलेलं फूल नर असावं, असा त्याचा कयास होता. त्याच वर्षी एडिंबराच्या बागेतल्या जॉन स्कॉट या माळ्याने त्याला लिहिलं, की परागण केल्यावर त्या झाडाला फळ धरतंय. एका साध्या बागकामगाराने नामांकित लेखकाची छापील चूक दाखवावी, आणि त्याने रागावण्याऐवजी आणखी प्रयोग सुचवावेत! प्रिम्युलावरचा स्कॉटचा निबंध लिनिअन सोसायटीपुढे गेला, एडिंबरा सुटल्यावर डार्विनने त्याच्या हिंदुस्थानच्या प्रवासाचा खर्च केला, आणि पुढे चेहऱ्यांच्या त्या सोळा प्रश्नांना कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानातून सर्वांत भरघोस उत्तरं आली ती याच स्कॉटकडून. स्कॉटच्या पहिल्या पत्रात पदवी नव्हती, ओळखीचं कोणाचं नाव नव्हतं. डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट होती.

चोरीची भीती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. फेब्रुवारी १८५८ मध्ये लिहिलेला निसर्गनिवडीवरचा आपला निबंध आल्फ्रेड वॉलेसने टर्नाटे बेटावरून डार्विनकडे पाठवला, योग्य वाटल्यास भूवैज्ञानिक लायेल यांना दाखवा म्हणून. १ जुलैला लिनिअन सोसायटीत तो डार्विनच्या लिखाणामागोमाग वाचला गेला. वॉलेसला कोणी विचारलं नव्हतं. विचारायचं म्हटलं तरी पत्रोत्तराला महिने लागले असते, ही सबब खरी आहे, पण थांबता आलंच नसतं असं नाही. वॉलेसने पुढे तक्रार केली नाही, आपल्या पुस्तकाला त्याने ‘डार्विनिझम’ हे नावसुद्धा दिलं. तरी ज्याच्यावर प्रसंग आला तो समाधानी होता, एवढ्याने न्याय झाला असं मी मानत नाही. यातून पत्र लिहू नये असा अर्थ तू काढशील, पण त्या दिवशी डार्विनचा हक्क कशाने सिद्ध झाला ते बघ. १८४४ च्या अप्रकाशित लेखाने, जो हुकरने वाचला होता, आणि ५ सप्टेंबर १८५७ ला हार्वर्डच्या एसा ग्रे यांना लिहिलेल्या पत्राने. त्याची नक्कल डार्विनने ठेवली होती. वॉलेसचं मूळ पत्र आज कुठेच सापडत नाही. ज्याने आपली कल्पना तारखेसह दोघा-तिघांना सांगून ठेवली होती, त्याचा हक्क त्या सांगण्यामुळेच टिकला.

हे सगळं सुखवस्तू लोकांचं, साम्राज्याच्या टपालावर चाललेलं काम होतं, हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. डार्विनला पोटासाठी नोकरी करावी लागली नाही, ब्लाइथ आणि स्कॉटला करावी लागली, आणि जग पुस्तकावरचं नाव लक्षात ठेवतं. म्हणून तू ज्याच्याकडून काही घेशील त्याचं नाव ऋणनिर्देशाच्या गर्दीत न टाकता, त्याचं निरीक्षण जिथे वापरशील त्याच वाक्यात घाल. ट्रीटबाईंचं नाव तसंच आलंय. मग कास पठारावर गुरं वळणारा कोणी दवबिंदू कधी फुलतो हे सांगणारा असला, तरी हाच नियम. ईमेलमुळे हे जुनं झालं, हे मात्र मला पटत नाही. टपाल स्वस्त झालं तेव्हाही आगंतुक पत्रांचा असाच लोंढा आला होता. त्रासदायक पत्रांसाठी डार्विनने उत्तराचा छापील नमुना करून घेतला होता, आणि तो जवळजवळ कधीच वापरला नाही.

तू पाठवलेला मसुदा वाचला. त्यात सात प्रश्न आहेत. त्यांतले पाच ग्रंथालयात सुटतील, ते काढ. ‘पानावरचा चिकट स्राव पावसाळ्याच्या शेवटी कमी होतो ना?’ यातलं ‘ना’ काढ आणि तो केव्हा, कसा बदलतो असं विचार. तू स्वतः पाहिलेली तीन झाडं, तारखा आणि जागा यांचा कागद सोबत जोड, कुठे खात्री नाही तेही लिही, आणि पाठवण्याआधी एक प्रत तारीख घालून स्वतःजवळ ठेव.

तुझा,
मामा