गावरान अंडे : रंगाचे आणि ताकदीचे

आजारातून उठलेल्या माणसाला अंडे द्या म्हटले, की नातेवाईकांचा प्रश्न ठरलेला असतो, ‘डॉक्टरसाहेब, गावरानच पाहिजे ना?’ गावरान अंड्याला आठवडी बाजारात चढा भाव मिळतो तो याच समजुतीमुळे. त्यामुळे दारात चार कोंबड्या असलेली बाई अंडी बाजारात नेते आणि घरची पोरे कोरडीच राहतात.

कवचाचा रंग मुख्यतः कोंबडीच्या जातीवरून ठरतो. फार्मवरची लेगहॉर्न पांढरे अंडे घालते. आपल्या अंगणातल्या कोंबड्या मिश्र वंशाच्या असतात. म्हणून एकीचे अंडे तपकिरी, दुसरीचे बदामी, तिसरीचे जवळपास पांढरे, असे एकाच टोपलीत दिसते. यात खोट काही नाही. कडकनाथ कोंबडी अंगाने आणि मांसाने काळी, पण तिचेही अंडे फिकट बदामीच! शिवाय तपकिरी अंडी देणाऱ्या जाती फार्मवरही पाळतात. तेव्हा नुसत्या रंगावर भुलून जास्त पैसे मोजू नयेत.

बलकाचा केशरी रंग मात्र खाण्यातून येतो. हिरवा पाला, मका, किडे खाणाऱ्या कोंबडीचा बलक गडद असतो. चवीत फरक जाणवतो, हे मीही मान्य करतो. पण प्रथिनांचे काय? गावरान अंडे साधारण ३५ ते ४० ग्रॅमचे, त्यातून चारएक ग्रॅम प्रथिने मिळतात. फार्मचे ५० ते ५५ ग्रॅमचे, त्यातून सुमारे सहा. गावरान अंडी विकायचीच असतील तर खुशाल विका. त्यातल्या थोड्या पैशात फार्मची अंडी आणून मुलांना द्या. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळालाही वरच्या आहारात नीट उकडलेले अंडे कुस्करून देता येते.

बलकावर रक्ताचा ठिपका दिसला तर घाबरू नये. अंडे तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटल्याची ती खूण आहे. उन्हाळ्यात कवच पातळ होते, कारण धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या अंगात कवचासाठी लागणारी द्रव्ये कमी पडतात. शिवाय घरी कोंबडा असल्याने गावरान अंडी बहुधा फळलेली असतात आणि आपल्याकडच्या मे महिन्याच्या उष्म्यात लवकर बिघडतात. ती रोज गोळा करून थंड जागी ठेवावीत.

दुधात कच्चे अंडे फेटून पिण्याची चाल अजून आहे. कवचावरच्या विष्ठेतून, कधी अंड्याच्या आतूनही, साल्मोनेलाचे जंतू पोटात जातात आणि जुलाब लागतात. अशक्त माणसाला ते परवडत नाही. अंडे गावरान असो वा फार्मचे, बलक घट्ट होईपर्यंत उकडावे.