क्रेशेन्दो म्हणजे मोठ्याने गाणे नव्हे

उपासनेच्या गीतांची जी पुस्तके पाश्चात्य स्वरलिपीत छापलेली असतात, त्यांत कोठे कोठे ‘क्रेशेन्दो’ हा इटालियन शब्द, किंवा त्याच अर्थाची एक खूण आढळते. एका बिंदूपासून निघून उजवीकडे रुंदावत जाणाऱ्या दोन रेघा, जणू उघडलेला चिमटा, अशी ती खूण असते. ती दिसताच पुष्कळ गाणारे एकदम आवाज मोठा करितात. हा समज चुकीचा आहे व त्याने मंडळीच्या गायनाची हानी होते. म्हणून आज या शब्दाचा विचार करू.

‘क्रेशेन्दो’ याचा अर्थ ‘वाढत जाणारा’ एवढाच आहे. इंग्रजीत चंद्रकोरीस जे नाव आहे, तेही ‘वाढणे’ या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूपासून आले. शुक्ल द्वितीयेची कोर वाढत असते, पण तिला कोणी पौर्णिमा म्हणत नाही. तसेच येथे जाणावे. इंग्रजी लिहिणारे कधी कधी ‘क्रेशेन्दोस पोहोचणे’ असे लिहून शिखर हा अर्थ घेतात. परंतु संगीतात तो चढणीचा शब्द आहे, शिखराचा नव्हे. यावरून असे निघते की, जेथे हा शब्द लिहिलेला असेल तेथे आवाज लहानच असला पाहिजे; नाही तर वाढण्यास जागा कोठून राहणार? याच्या उलट जे क्रमाने लहान होत जाणे, त्यास ‘डिमिन्युएन्दो’ म्हणतात व त्याच्या रेघा उजवीकडे मिटत जातात.

आता दोन गोष्टींची गल्लत होते, तीही दूर करू. पहिली, उंच स्वर आणि मोठा आवाज यांची. आपल्या छत्रपती संभाजीनगराजवळील देवगिरी, म्हणजे दौलताबाद, येथे 13व्या शतकात यादव राजा सिंघण याच्या आश्रयास शार्ङ्गदेव नावाचा पंडित होता. त्याने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचिला. त्यात त्याने मंद्र नादाचे स्थान हृदय, मध्याचे कंठ व ताराचे मस्तक असे सांगून, प्रत्येक नाद पूर्वीच्या दुप्पट उंच असतो असे म्हटले आहे. ही उंची झाली. आवाजाचा जोर ही निराळी गोष्ट होय. तिला आपल्या संगीताच्या पुस्तकांत ‘नादाचा लहानमोठेपणा’ म्हणतात. आई तार स्वरातही हळू गाऊन लेकरास निजविते, आणि मंद्र स्वरातही नगारा गाव जागा करितो. क्रेशेन्दोचा संबंध या लहानमोठेपणाशी आहे.

दुसरी गल्लत गतीची. आपल्या भजनात टाळ जसजसे जोराने वाजतात तसतशी लयही द्रुत होते, म्हणून दोन्ही एकच वाटतात. पण नाथषष्ठीस पैठणच्या वाटेवर उभे राहून येणारी दिंडी ऐकावी. ती जवळ येते तसा नाद वाढत जातो, मात्र लय चढत नसतानाही तो वाढलेला ऐकू येतो. फ्रान्सचा संगीतकार राव्हेल याने 1928 साली ‘बोलेरो’ नावाची रचना केली. सुमारे पाव तास एकच ताल त्याच लयीत चालतो. आरंभी तालवाद्य जेमतेम ऐकू येते, आणि एकामागून एक वाद्ये मिळत जाऊन शेवटी सारा वाद्यवृंद गर्जतो.

हीच युक्ती आपल्या खेड्यांतील मंडळ्यांस उपयोगी आहे. एका आवाजास तितकाच दुसरा आवाज मिळाला तर नाद 3 डेसिबेलने वाढतो. एकाचे दहा झाले तर 10 डेसिबेलने, आणि कानास तो सुमारे दुप्पट वाटतो. तेव्हा पहिली ओळ एकाने गावी, दुसरीस दोघेतिघे मिळावेत, तिसरीस स्त्रिया व मुले, आणि ध्रुपदास सर्व मंडळी. कोणी गळा ताणण्याचे कारण नाही. पेटी वाजविणाऱ्याने भात्याचा दाब बेताबेताने वाढवावा. एकदम दाबल्यास पेटी ओरडते व गाणारेही तिच्यामागून ओरडू लागतात.

उपदेशक बंधूंनो, ही केवळ शोभेची गोष्ट नव्हे. आपल्या मंडळ्यांत ज्यांस वाचता येत नाही अशी वृद्ध माणसे आहेत. ती गीत पुस्तकातून नव्हे, कानाने शिकतात. पहिल्याच ओळीस तरुणांनी आरोळी ठोकली आणि त्यावर ध्वनिवर्धकही लाविला, तर शब्द बुडतात. मागे बसलेली आजी दोन ओळी चाचपडते व ओठ मिटून घेते. त्या दिवशीचे गीत तिच्या हाती लागत नाही. आरंभ हळू केला तर तिला शब्द कळतो, चाल सापडते, आणि शेवटच्या कडव्यात तिचा कापरा आवाजही सर्वांच्या आवाजात मिळतो.

म्हणून येत्या रविवारी एवढेच करून पाहावे. ध्वनिवर्धक बंद ठेवावा, आणि पहिले कडवे इतके हळू गावे की गाणाऱ्यास शेजाऱ्याचा आवाज ऐकू यावा. मग प्रत्येक कडव्यास थोडे थोडे वाढवीत जावे. शेवटच्या कडव्यात आजीही गात आहे की नाही, तिकडे उपदेशकाने लक्ष द्यावे. ती गात असेल, तर मंडळीस क्रेशेन्दोचा अर्थ कळला असे समजावे.