पगाराच्या अलीकडचे पंधरा दिवस : एक अभ्यास

(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

वाणिज्य शाखेच्या आमच्या पुस्तकात 'खेळते भांडवल' या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. विकलेल्या मालाचे पैसे हाती येण्यापूर्वी कारखान्याला कच्चा माल, मजुरी व भाडे यांसाठी पैसा लागतो. तो कोठून आणावा, किती दिवसांसाठी आणावा आणि त्याचे मोल काय पडते, हे त्या प्रकरणात शिकवतात. परीक्षेत या प्रश्नाला मला चांगले गुण मिळाले होते. परंतु हाच प्रश्न एका साध्या पगारदाराच्या घरात कसा उभा राहतो, हे मी शिकलो ते गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत, इंदूरला आत्याच्या स्वयंपाकघरात. आणि तेही एक चूक करून. त्या चुकीसह सारा हिशेब येथे मांडतो.

१. घर आणि त्याची आवक

आत्या लग्न होऊन बेळगावहून इंदूरला गेली. तिचे घर परदेशीपुऱ्याच्या बाजूला, जुन्या गिरणगावात आहे. आतोबा पूर्वी गिरणीत होते. आता घर चालते ते दादाच्या पगारावर. दादा पीथमपूरच्या एका कारखान्यात आहे. पगार हातात बावीस हजार चारशे, दर महिन्याच्या सात तारखेला. घरात माणसे पाच. राज्य कामगार विम्याची पगाराची मर्यादा २०१७ साली एकवीस हजार करण्यात आली. दादाचा पगार तिच्या थोडा वर, म्हणून तो आधारही सुटलेला.

मे महिन्याच्या २२ तारखेला पाण्याची मोटर जळाली. नर्मदेचे पाणी १९७८ पासून इंदूरला येते खरे, पण ते रोज येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी वर चढवून साठवले नाही, तर पुढे बादली घेऊन हिंडायचे. त्याच वेळी आतोबांना दोन दिवसांचा ताप होता. 'ताप उतरला नाही तर रक्त तपासून घ्या,' असे डॉक्टर सांगून गेले होते.

मी वाणिज्याचा विद्यार्थी. वही काढली आणि रोकड अंदाजपत्रक मांडले. घरात रोख २,१५०, बँकेत १,३४०, एकूण ३,४९० रुपये. पगाराला सोळा दिवस. दूध मासिक हिशेबाचे. आपल्याकडे ज्याला रतीब म्हणतात त्याला तिकडे 'बंदी' म्हणतात. त्याचे पैसे दहा तारखेला द्यायचे, म्हणून ते मी धरले नाहीत. मग दोन रकाने पाडले. 'आत्ता' या रकान्यात मोटरची दुरुस्ती १,४५०, भाजी वगैरे रोज ८० प्रमाणे १,२८० आणि पेट्रोल ६००, एकूण ३,३३०. 'सात तारखेनंतर' या रकान्यात विजेचे बिल ९४० आणि आतोबांची तपासणी व औषधे, अंदाजे १,५००.

शिल्लक एकशे साठ रुपये उरत होती. कर्ज नाही, उसने नाही. आतोबांनी वही पाहिली आणि म्हणाले, "शाबास. ताप काय, आपला घरचाच आहे. सात तारखेनंतर बघू." दादाने माझी पाठ थोपटली. आत्या मात्र काही बोलली नाही.

२५ तारखेच्या रात्री ताप फार चढला. आतोबा असंबद्ध बोलू लागले. २६ ला सकाळी त्यांना दवाखान्यात ठेवावे लागले. विषमज्वर निघाला. तिसऱ्या दिवशी ते घरी आले, पण बिल ७,६०० रुपये झाले. डॉक्टर म्हणाले, तपासणी आधी झाली असती तर कदाचित घरीच गोळ्यांवर भागले असते. म्हणजे मी १,५०० रुपये वाचवले आणि ७,६०० चा खर्च ओढवून घेतला. रुपयांची गोष्ट एकवेळ सोडा. त्या रात्री आत्या त्यांच्या कपाळावर घड्या ठेवत बसली होती, आणि माझी वही तिथेच फळीवर होती.

२. उसन्या पैशाचे खरे मोल

२६ तारखेला घरात प्रश्न उभा राहिला : आठ हजार रुपये, बारा दिवसांसाठी, कोठून आणायचे? जे मार्ग पुढे आले ते सर्व येथे देतो. वाचकांनी प्रत्येकाचा वार्षिक दर स्वतः काढून पाहावा.

पहिला मार्ग मोबाइलवरच्या कर्जाचा. दादाला आलेल्या जाहिरातीत कर्ज ९,००० चे होते. त्यातून १,००० 'शुल्क' म्हणून आधीच कापून हातात ८,००० आणि पंधरा दिवसांनी परतफेड ९,०००. 'फक्त हजार रुपये' असे वाटते. पण आठ हजारांवर हजार म्हणजे पंधरा दिवसांना साडेबारा टक्के. वर्षाला सुमारे ३०४ टक्के. रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा कर्जाचा सर्व खर्च धरून होणारा वार्षिक दर कर्जदाराला आधी सांगावा लागतो. तो आकडा जिथे दिसत नाही तेथून उठून यावे, एवढे तरी आपण शिकले पाहिजे.

दुसरा मार्ग गल्लीतल्या सावकाराचा. दर 'दहा टक्के महिना', आणि बारा दिवसांत परत केले तरी व्याज पुऱ्या महिन्याचे. म्हणजे ८,००० वर ८०० रुपये. बारा दिवसांना दहा टक्के, म्हणजे वर्षाला पुन्हा ३०४ टक्केच! जुना सावकार ओट्यावर बसतो, नवा खिशात बसतो; गणित दोघांचे एकच निघाले.

हे दुखणे आजचे नाही. व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात हिंदुस्थानातील गिरणी-कारखान्यांच्या कामगारांविषयी लिहिले आहे. बहुतेक औद्योगिक केंद्रांत निदान दोन तृतीयांश कुटुंबे कर्जात असून, बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक, असा आयोगाचा अंदाज होता. रुपयाला महिना एक आणा हा व्याजाचा सर्रास दर त्याने नोंदवला. सोळा आण्यांना महिना एक आणा म्हणजे वर्षाला पंचाहत्तर टक्के.

तिसरा मार्ग सोने गहाण ठेवण्याचा. वर्षाला बारा टक्के दर धरला तर आठ हजारांवर बारा दिवसांचे व्याज होते सुमारे बत्तीस रुपये. वर मूल्यांकनाचे थोडे शुल्क. हिशेबाने हा मार्ग स्वस्त. मी तसे म्हणताच आत्या म्हणाली, "माझ्या पाटल्या ब्याण्णव साली अशाच बारा दिवसांसाठी गेल्या होत्या." त्या परत आल्या नाहीत, हे तिने सांगितले नाही, तिच्या हाताकडे पाहून मला ते कळले. गहाणाचा धोका दरात नसतो, सोडवण्याच्या तारखेत असतो.

चौथा मार्ग पगारावर उचल घेण्याचा. दादाने कारखान्यात विचारले. 'वीस तारखेनंतर उचल मिळत नाही,' असे उत्तर आले.

३. धनको कोण, ऋणको कोण?

या उत्तरावर मला थांबून विचार करावा लागला. २६ तारखेपर्यंत दादाने सव्वीस दिवसांचे काम पुरे केले होते. बावीस हजार चारशेला एकतीसने भागून सव्वीसने गुणले, तर सुमारे १८,८०० रुपये होतात. एवढी रक्कम त्याने कमावलेली होती, पण ती मालकाकडे होती, आणि तीही बिनव्याजी. म्हणजे महिनाभर मालक ऋणको असतो आणि कामगार धनको. तोच धनको आठ हजारांसाठी तीनशे चार टक्क्यांच्या दारात उभा राहतो! आपण अशा माणसाला 'अंथरूण पाहून पाय पसर' असे सांगतो. परंतु येथे अंथरूण आखूड नव्हते, ते दुसऱ्याच्या घरी अडकले होते. पुस्तकाच्या भाषेत, हे घर दिवाळखोर नव्हते. त्याच्याजवळ रोकड नव्हती. या दोन दुखण्यांची औषधे वेगळी आहेत.

म्हणूनच पगाराच्या तारखेला कायदा लागतो. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने पगाराची मुदत महिन्याहून लांब नसावी असे ठरवले. हजारांहून कमी कामगार असतील तेथे महिना संपल्यावर सातव्या दिवसापूर्वी आणि इतरत्र दहाव्या दिवसापूर्वी पगार देणे त्याने बंधनकारक केले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून २०१९ ची वेतन संहिता लागू झाली. तिच्यात मासिक पगाराला पुढच्या महिन्याचे सात दिवस ही मुदत आहे.

पगाराची तारीखच आली नाही तर काय होते, हे इंदूरइतके कोणत्या शहराला ठाऊक असेल? येथील हुकूमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ रोजी बंद पडली. कामगारांची देणी न्यायालयात अडकली. त्यांतले अनेकजण वाट पाहताच वारले. अखेर २५ डिसेंबर २०२३ रोजी सुमारे ४,८०० कामगार व त्यांच्या वारसांसाठी २२४ कोटी रुपयांचा धनादेश दिला गेला. मध्ये बत्तीस वर्षे गेली. आत्याच्या गल्लीत बसणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना 'सात तारखेनंतर बघू' हे वाक्य इतके सवयीचे का आहे, ते मला तेव्हा उमगले. ज्याने वर्षानुवर्षे सर्व काही पुढे ढकलले, तो शेवटी आपला तापही पुढे ढकलतो. आतोबांच्या त्या सवयीला मी काटकसर समजलो, आणि माझ्या वहीत तिला रकाना दिला.

४. पत

पैसे आले ते पाचव्या मार्गाने. आत्या बारा बायकांच्या भिशीत आहे. महिना हजार रुपये, २५ तारखेला चिठ्ठी. त्या महिन्याचे बारा हजार समोरच्या घरातील बाईंना लागले होते. दवाखान्याचे कळताच त्या पाकीट घेऊन आल्या. म्हणाल्या, "यंदाचा नंबर तुमचा, तुमचा येईल तेव्हा तो माझा." व्याज शून्य, कागद नाही, सही नाही.

मी आत्याला म्हटले, "हे तर फुकट झाले!" ती म्हणाली, "फुकट कसे रे? त्यांची गिरणी बंद झाली तेव्हा मी माझा नंबर दिला होता. तीस वर्षांनी फिटला."

हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. मराठीत आपण पतसंस्था म्हणतो, इंदूरला तिला साख संस्था म्हणतात, आणि कन्नडमध्ये 'पत्तिन सहकारी संघ'. तिन्ही भाषांत संस्थेचे नाव पैशावरून पडले नाही, विश्वासावरून पडले. आपल्या भागाला याचा अभिमान असावा. १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर देशातील पहिली कृषी पतसंस्था १९०५ साली गदगजवळच्या कणगिनहाळ गावी सिद्दनगौडा पाटील यांच्या पुढाकाराने निघाली. आपले 'हातउसने' आणि कन्नडचे 'कैगड' हे दोन्ही शब्द हातापासूनच निघाले आहेत. हात ओळखीचा असेल तरच हे कर्ज मिळते. याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरगुती भिशी शब्दावर चालते; एकाने शब्द मोडला तर दाद मागणे अवघड. म्हणून ती लहान असावी, सर्वजण एकमेकांना ओळखणारे असावेत, आणि अनोळखी माणसाच्या मोठ्या भिशीत पैसे घालण्यापूर्वी ती १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेली आहे का हे पाहावे.

५. काय शिकलो

पहिले : पैसे कमी पडले की खर्चाचे दोन नव्हे, तीन रकाने करावेत. एक, जो थांबवला तर काही वाढत नाही. दोन, जो थांबवला तर थोडा दंड पडतो, जसे विजेचे बिल. तीन, जो थांबवला तर स्वतःच वाढतो. आजार, गळणारे छप्पर आणि चढे व्याज या तिसऱ्या रकान्यातले. त्यांना पैसे सर्वांत आधी द्यावेत, मग मोटर जळालेली असली तरी चालेल. पाणी शेजारून चार बादल्या मिळते.

दुसरे : कर्ज घेण्यापूर्वी दर वर्षाचा काढावा. 'फक्त हजार' हा दर नव्हे.

तिसरे : अडचण येण्यापूर्वी मागण्याची सोय लावून ठेवावी. उचलीचा नियम वीस तारखेच्या आत माहीत हवा, पतसंस्थेचे सभासदत्व आजाराच्या आधी हवे.

चौथे : आकस्मिक खर्च असे आपण म्हणतो, पण तो कधी येईल हेच तेवढे आकस्मिक असते, येणार हे ठरलेलेच. भारत सरकारसुद्धा घटनेच्या २६७ व्या कलमाप्रमाणे आकस्मिकता निधी ठेवते. २०२१ साली तो ५०० कोटींवरून ३०,००० कोटींपर्यंत वाढवला. घराने महिना पाचशे रुपये बाजूला टाकले तर वर्षाचे सहा हजार होतात. त्या २२ तारखेला ते असते तर माझ्या वहीची गरजच पडली नसती. जून महिन्यात पगार झाल्यावर आत्याने पहिले पाचशे वेगळ्या डब्यात टाकले आणि डबा आतोबांच्या ताब्यात दिला. अट एकच : ताप आला तर विचारायचे नाही, काढायचे.

ती वही मी इंदूरहून परत आणली आहे. 'सात तारखेनंतर' या रकान्यातील आतोबांचे नाव मी खोडलेले नाही. पुढे पदवी मिळाल्यावर मी कोणाचे हिशेब लिहीन ते ठाऊक नाही, पण ते पान पाहूनच लिहीन.