डाग धुण्यापूर्वी डोळा पाहावा

चैत्र-वैशाखात ज्या मुलखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेथे पांढरे, दाट केसांचे स्पिट्झ कुत्रे पाळण्याची हौस कितपत शहाणपणाची, हा प्रश्न वेगळा. परंतु यवतमाळपासून पुसद-वणीपर्यंत पुष्कळ घरांनी ती केलेली आहे, आणि अशा प्रत्येक घरात डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने उतरलेल्या त्या तांबूस-तपकिरी ओघळांचा विषय केव्हा ना केव्हा निघतोच. आमच्या जुई नावाच्या कुत्रीच्या तोंडावरही ते ओघळ होते, आणि ते घालवण्याच्या खटपटीत तिचा डावा डोळा जाता जाता वाचला. त्या प्रसंगात जे कळले, ते इतरांच्या उपयोगी पडावे एवढ्यासाठीच हा मजकूर.

प्रथम डागाविषयी. डोळ्यातून येणारे पाणी नितळच असते. मात्र तांबड्या रक्तपेशींचे विघटन होताना निर्माण होणारी पॉर्फिरिन नावाची रंगद्रव्ये कुत्र्याच्या शरीरातून पित्तावाटे तर जातातच, शिवाय लाळेतून आणि अश्रूंतूनही थोडीथोडी बाहेर पडतात, आणि केसांवर वाळून उजेडात राहिली की गडद होत जातात. काळ्या कुत्र्यालाही हे सारे होते, पण ते दिसत नाही. जुई पुढचा पंजा चाटत बसे, तेथील केसही अगदी याच रंगाचे झाले होते, हे नीट पाहिल्यावर माझी खात्री पटली. आमच्याकडे मात्र खापर फुटते ते पाण्यावर. पांढरकवडा परिसरातील भूजलात फ्लोराइड आहे आणि त्यामुळे दातांवर कायमचे डाग पडतात, हे जिल्ह्यात सर्वश्रुत असल्याने, कुत्र्याच्या तोंडावरचा डागही त्याच पाण्याचा, असा तर्क लोक सहज करतात. तो खरा नव्हे. फ्लोराइड दातांत आणि हाडांत जाऊन बसते. केसांवरच्या या रंगाशी त्याचा संबंध नाही. खरा प्रश्न एवढाच की, जे पाणी कोपऱ्यातील दोन सूक्ष्म छिद्रांतून नाकात उतरायला हवे, ते गालावर का सांडते? लहान जातींत डोळ्याचा कोपरा अरुंद असतो, कडेचे केस पाणी ओढून घेतात, आणि एवढ्यानेच ओघळ जन्मभर राहू शकतो. अशा कुत्र्याला दुखत नाही, डोळा टक्क उघडा असतो, आणि दोन्ही बाजूंचे डाग सारखेच दिसतात.

जुईचे प्रथम तसेच होते. पावसाळा सरला, टेकड्यांवरची कुसळी पिकून पिवळी पडली, आणि त्या दिवसांत तिचा डावा डोळा अधिक वाहू लागला. डाग जुनाच असल्याने घरात कोणाला वेगळी शंका आली नाही. एका दुकानदाराने, लाली उतरेल आणि डागही जाईल अशी ग्वाही देऊन, थेंबांची एक बाटली दिली. पहिल्या दिवशी लाली खरोखरच ओसरली. नंतर मात्र जुई डोळा मिटून, पंजाने तोंड घासत, पलंगाखालच्या अंधारात जाऊन बसू लागली, तेव्हा तिला पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले.

डॉक्टरांनी फ्लुरोसिनची नारिंगी कागदी पट्टी सलाइनने भिजवून डोळ्याला हलकेच टेकवली, नंतर डोळा धुऊन निळ्या उजेडाखाली धरला. तेव्हा बुबुळावर, आतल्या कोपऱ्याच्या अंगाला, ज्वारीच्या अर्ध्या दाण्याएवढा हिरवा ठिपका लखलखला. ती जखम होती. त्यानंतर सुन्न करणारे थेंब घालून त्यांनी बारीक चिमट्याने तिसरी पापणी, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यात आतून आडवा येणारा पडदा, बाहेर ओढली. तिच्या मागे गवताचे एक कुसळ रुतून बसले होते: टोक अणकुचीदार, आणि त्यामागे उलट्या दिशेचे ताठ केस, म्हणून पुढे सरकणारे आणि मागे न फिरणारे. पापणीच्या प्रत्येक हालचालीसरशी ते बुबुळ खरवडत होते. दुकानातून आणलेल्या बाटलीवर डेक्सामेथासोन हे नाव वाचताच डॉक्टर म्हणाले, “काकू, हे थेंब आत्ताच्या आत्ता बंद करा.” स्टेरॉइडने लाली दबते, पण जखम भरून येण्याची क्रियाही दबते, क्वचित बुबुळ झिजून फुटण्यापर्यंत पाळी येते. पुढे प्रतिजैविक थेंब दिले, गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर बांधली, आणि डोळा वाचला. बुबुळावर एक फिकट फूल तेवढे राहिले. तोच हिरवा रंग थोड्या वेळाने तिच्या डाव्या नाकपुडीत उतरलेला दिसला. अश्रुमार्ग मोकळा होता, म्हणजे जुना डाग निरुपद्रवीच होता.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे. एकाच डोळ्याचे पाणी वाढले, डोळा मिचमिचा झाला, पिवळी-हिरवी चिपडे आली, बुबुळ दुधाळ दिसू लागले, तर डागाचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठावा, आणि हिरव्या रंगाची तपासणी झाल्यावाचून स्टेरॉइडचा एकही थेंब घालू देऊ नये. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही नावे बाटलीवर शोधावीत. आत वळलेली पापणी, वेडेवाकडे उगवलेले पापणीचे केस किंवा बंद पडलेला अश्रुमार्ग असे काही निघाले आणि शस्त्रक्रियेची गरज पडली, तर नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याला फार दूर नाही. १९५८ साली स्थापन झालेली ती संस्था आज महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. पिलांचे दात बदलताना पाणी काही काळ वाढते आणि आपोआप कमी होते. त्याची धास्ती नको. उलट वयस्क कुत्र्याच्या डोळ्याखाली सूज आली, तर वरच्या दाढेच्या मुळाशी पू झाला असण्याचा संभव असतो.

डाग निरुपद्रवी ठरला, तर उपाय साधा आणि चिकाटीचा आहे. उकळून गार केलेले पाणी किंवा सलाइन घ्यावे, आणि जुन्या धोतराचा धुतलेला मऊ तुकडा. कापसाच्या जिल्ह्यात राहून हे सांगणे विचित्र वाटेल, पण मोकळा कापूस घेऊ नये, कारण त्याचे तंतू डोळ्यात अडकतात. प्रत्येक डोळ्याला वेगळा तुकडा घेऊन कोपऱ्यापासून खाली पुसत यावे आणि नंतर केस कोरडे करावेत. हा कोरडेपणा पुसण्याइतकाच महत्त्वाचा, कारण सतत ओल्या राहिलेल्या केसांत यीस्ट वाढते, वास येतो, कातडी लाल होते. रंगलेला केस पांढरा होत नाही, तो वाढून गळतो आणि नवा येतो, म्हणून काही महिने धीर धरावा लागतो. लिंबाचा रस आणि हायड्रोजन पेरॉक्साइड डोळ्याच्या जवळपासही नेऊ नये. उन्हाळ्यात कुलरच्या थेट झोतात कुत्र्याला निजवू नये, आणि आश्विनापासून माळावर फिरवून आणले की पापण्या, कान आणि बोटांच्या बेचक्या चाचपून पाहाव्यात.

राहता राहिली अन्नात घालण्याची भुकटी. डाग घालवणाऱ्या अशा काही भुकट्यांत टायलोसिन हे प्रतिजैविक असल्याचे आढळल्यावरून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या उत्पादकांना ताकीद दिली होती, कारण त्या वापरासाठी हे औषध मंजूरच नव्हते. कोंबड्यांच्या श्वसनरोगावर चालणारे हे औषध केवळ रूप उजळावे म्हणून महिनोन्महिने देणे मला अत्यंत अनुचित वाटते. बंद केल्यावर डाग परततो, आणि औषधाला दाद न देणारे जंतू मात्र मागे राहू शकतात. डब्यावर घटकांची यादी नसेल, तर तो डबा घरात आणू नये, आणि आणलेला असेल तर दवाखान्यात जाताना घरातल्या इतर बाटल्यांबरोबर तोही डॉक्टरांपुढे ठेवावा.