मोतीबिंदू पिकण्याची वाट

मोतीबिंदू पुरता पिकल्यावाचून त्यास शस्त्र लावू नये, हा समज आमच्या सातारा भागात अद्याप दृढ आहे, आणि एके काळी त्यास आधारही होता. पूर्वी भिंग काढताना त्याचा कच्चा, चिकट अंश आत राहून जाई व त्यापासून डोळ्यास दाह होई, म्हणून शस्त्रवैद्यच रोग्यास थांबावयास सांगत. सूक्ष्मदर्शकाखाली तो अंश धुऊन शोषून घेण्याची सोय झाल्यापासून थांबण्याचे ते कारण उरलेले नाही. समज मात्र तसाच राहिला, आणि त्याचा भुर्दंड माझ्या उजव्या डोळ्यास बसला.

त्या डोळ्याची दृष्टी मंदावत गेली तेव्हा गावातील जाणत्यांनी ‘अजून कच्चा आहे, दिवाळीनंतर बघू’ असेच सांगितले. रात्री दिव्याभोवती रंगीत वलये दिसू लागली, तीही वयाच्या खाती जमा झाली. पुढे एका संध्याकाळी कपाळाच्या उजव्या अंगास असह्य ठणका लागला, डोळा लाल झाला, समोरचे सर्व धुक्यात बुडाले आणि उलट्यांवर उलट्या सुरू झाल्या. घरच्यांनी पित्त समजून लिंबूसाखर दिली, आणि ज्या दवाखान्यात प्रथम नेले तेथेही पोटाचेच औषध मिळाले. डोळ्याकडे कोणी पाहिले नाही. हे मुद्दाम विस्ताराने सांगतो, कारण उलटी हे या व्याधीचे, म्हणजे डोळ्यातील दाब चढून होणाऱ्या काचबिंदूचे, मोठे फसवे लक्षण आहे, आणि तिच्यापायी माणसे पोटाच्या इलाजात नेमकी तीच मुदत दवडतात जिच्यावर दृष्टी अवलंबून असते.

पुण्यास नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यातील दाब मोजला तो पाऱ्याच्या 50 मिलिमीटरांच्या वर भरला. निरोगी डोळ्यात तो साधारणतः 10 ते 21 असतो. त्यांनी समजावून दिले ते असे की, बुबुळाच्या मागे अहोरात्र तयार होणारे निर्मळ पाणी बाहुलीतून पुढे येते आणि पारपटल व बुबुळ यांच्या सांध्यातील सूक्ष्म जाळीतून निघून जाते. मोतीबिंदूचे भिंग फुगले म्हणजे ते बाहुलीची वाट अडवते, बुबुळास पुढे रेटते, आणि पाटाच्या तोंडाशी दरड कोसळावी तसा हा निचरा एकाएकी बंद पडतो. अतिपक्व मोतीबिंदूत प्रकार निराळा घडतो: सांध्याची वाट उघडी असते, परंतु भिंगातील प्रथिने विरघळून आवरणाबाहेर झिरपतात आणि ती जाळी तुंबते. मार लागून अथवा जन्मजात दोषामुळे भिंग जागेवरून सरकले तरीही दाब चढू शकतो. भिंग फुगून किंवा झिरपून उद्भवलेला काचबिंदू नुसत्या थेंबांनी कायमचा हटत नाही. ते भिंग काढणे हाच त्याचा खरा इलाज.

परंतु इतका दाब चढलेल्या डोळ्यास तडकाफडकी शस्त्र लावणे धोक्याचे असते. प्रथम शिरेतून मॅनिटॉल, पोटात अ‍ॅसिटाझोलामाइडच्या गोळ्या आणि डोळ्यात थेंब देऊन दाब उतरवतात. या गोळ्यांनी बोटांना मुंग्या येतात, त्याने घाबरू नये. मात्र मूत्रपिंडाचा वा हृदयाचा विकार असल्यास, किंवा सल्फाची औषधे पूर्वी बाधली असल्यास, ते डॉक्टरांना आधीच सांगण्यात हयगय करू नये. शस्त्रक्रियाही नेहमीच्या मोतीबिंदूइतकी सोपी नसते. फुगलेल्या भिंगाचे आवरण ताणलेले असते. ते टोचताच आतील दुधाळ द्रव उसळून आवरण कडेपर्यंत फाटण्याची भीती असते, आणि पांढऱ्यावर पांढरे दिसत नाही म्हणून ते आधी निळ्या रंगाने रंगवून घ्यावे लागते. येथे कसलेला हातच हवा.

माझे भिंग निघाले, कृत्रिम भिंग बसले, दाब उतरला, ठणका गेला. दृष्टी मात्र पुरती परतली नाही. दाबाखाली दृष्टीच्या नसेचे जे तंतू नष्ट होतात ते कोणत्याही शस्त्रक्रियेने पुन्हा उगवत नाहीत, आणि दाब जितका अधिक काळ टिकतो तितकी ही हानी वाढते. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ‘नस किती शाबूत आहे?’ हा प्रश्न आप्तांनी स्पष्ट विचारावा, आणि शस्त्रक्रियेनंतरही सांगितलेल्या तारखांना दाब मोजून घेण्याचे टाळू नये. दुसऱ्या डोळ्याची तपासणी तर त्याच भेटीत करून घ्यावी. माझ्या डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू होताच. तो पिकू न देता काढविला, आणि आज लिहिणेवाचणे चालते ते त्याच डोळ्यावर.

ज्यांच्या घरी मोतीबिंदू झालेले वडीलधारे माणूस आहे, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे: त्यांचा डोळा लाल होऊन दुखू लागला, डोके ठणकू लागले आणि उलट्या सुरू झाल्या, तर सकाळची वाट न पाहता, डोळ्याचा दाब मोजण्याची सोय असेल अशा रुग्णालयात त्यांना न्यावे, आणि तेथे पोटाच्या आधी डोळ्याची कैफियत सांगावी.